सिंहनृत्यामागची वही

परदेशातील चिनी वस्त्यांवर गेल्या अंकात आलेल्या टिपणानंतर बरीच पत्रे आली. जगाच्या पाठीवर जिथे जिथे चिनी कुटुंबे स्थायिक झाली, तिथे तिथे त्यांची मंडळे, संघ आणि सभागृहे दिसतात. ती नेमके काय करतात, असे बहुतेकांनी विचारले आहे. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहे.

प्रश्न : चिनी नववर्षाच्या मिरवणुकीची छायाचित्रे दर वर्षी वर्तमानपत्रांत येतात. ही मंडळे वर्षातून एकदाच जागी होतात, की एरवीही त्यांचे काही काम चालते?

उत्तर : मिरवणुकीपासूनच सुरुवात करू, कारण तिच्यातही हिशेब दडलेला असतो. सिंहनृत्याचे पथक दुकानासमोर येते तेव्हा दारावर उंच टांगलेली लेट्यूसची जुडी आणि तिच्यात खोचलेले लाल पाकीट आपल्याला दिसते. सिंहाच्या कातड्याखाली दोघे असतात. मागचा पुढच्याला मांडीवर किंवा खांद्यावर उचलतो, सिंह दोन-तीनदा हुलकावणी देतो, मग जुडी तोंडात घेऊन ‘चावतो’ आणि पानांचे तुकडे गर्दीवर उधळतो. कँटोनीज या दक्षिण चीनच्या बोलीत लेट्यूसचे नाव आणि ‘धनप्राप्ती’ हे शब्द सारखेच ऐकू येतात, म्हणून पाने अंगावर पडलेला माणूस खूश होतो. पाकीट मात्र सिंहाच्या तोंडातच राहते आणि संध्याकाळी मंडळाच्या किंवा पथकाच्या वहीत जमा होते. वर्गणी गोळा करण्याची याहून देखणी रीत माझ्या पाहण्यात नाही.

एरवीची कामे छायाचित्र काढण्याजोगी नसतात. एका टेबलाशी कोणी स्वयंसेवक बसलेला असतो आणि समोर पिशवीभर कागद घेऊन आलेली आजी असते. विजेचे बिल, मुलाच्या शाळेचे पत्र, दवाखान्याची तारीख, निवृत्तिवेतनाचा अर्ज असे सगळे त्या पिशवीत असते आणि त्यातले काय तातडीचे, काय नुसती जाहिरात, हे तिला कळत नाही. तो एकेक कागद वाचून सांगतो, अर्ज भरतो, गरज पडली तर तिच्यासमोरच फोन लावतो. याशिवाय विवरणपत्रे भरण्याचे शिबिर, नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी, इंग्रजीचे वर्ग, वृद्धांचे सामुदायिक जेवण, सकाळचा ताई ची हा संथ व्यायाम, दुपारी माहजाँग या सोंगट्यांच्या खेळाचा डाव आणि सुलेखनाचा वर्ग असा आठवडा भरलेला असतो.

अमेरिकेत १९६५ च्या कायद्याने स्थलांतराची जुनी देशनिहाय कोटापद्धत रद्द झाली आणि चिनी कुटुंबे मोठ्या संख्येने येऊ लागली, तेव्हा हे काम हौशी स्वयंसेवकांच्या आवाक्याबाहेर गेले. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये चायनीज-अमेरिकन प्लॅनिंग कौन्सिल स्थापन झाली. कॅनडातील व्हँकूव्हर येथे १९७३ मध्ये ‘सक्सेस’ ही संस्था उभी राहिली. या संस्थांत पगारी समुपदेशक असतात, सरकारी अनुदान येते आणि आता त्यांच्या दारी येणाऱ्यांत इतर देशांतून आलेली कुटुंबेही असतात.

प्रश्न : एकाच शहरात चिन्यांची इतकी वेगवेगळी मंडळे का? सगळे चिनीच असताना एक मंडळ पुरत नाही काय?

उत्तर : ‘सगळे चिनीच’ ही नजर बाहेरच्याची आहे. एकोणिसाव्या शतकात सॅन फ्रान्सिस्कोला उतरलेला माणूस स्वतःला आधी अमुक गावचा, मग अमुक बोलीचा, मग अमुक आडनावाचा म्हणवत असे. ‘चिनी’ ही ओळख त्याला पुष्कळदा परदेशातच चिकटली. मिंग आणि छिंग राजवटींच्या काळात चीनमध्येच परगावी गेलेले व्यापारी आणि परीक्षेला राजधानीत आलेले उमेदवार आपापल्या मुलखाच्या लोकांसाठी ‘हुइग्वान’ नावाच्या उतरण्याच्या जागा चालवत. तीच पद्धत समुद्रापार गेली.

सॅन फ्रान्सिस्कोत आलेले बहुसंख्य लोक दक्षिण चीनच्या ग्वांगदोंग प्रांतातील मोजक्या जिल्ह्यांतले होते. ‘साम याप’ म्हणजे तीन जिल्हे, ‘से याप’ म्हणजे चार जिल्हे, अशा नावांची मंडळे १८५० च्या दशकातच तिथे सुरू झाली. हक्का बोलणाऱ्यांचे मंडळ वेगळे. त्याच्या जोडीला आडनावांच्या सभा आल्या. आपल्याकडे जिला भावकी म्हणतात तिचेच हे नोंदणीकृत रूप समजा. एखादे आडनाव संख्येने लहान असले तर दोन-चार आडनावे एकत्र येत आणि त्यासाठी जुना आधार शोधत. लिऊ, ग्वान, चांग आणि चाओ या चार आडनावांची ‘लुंग कोंग’ नावाची सभा अनेक देशांत आहे. तिसऱ्या शतकात या आडनावांच्या चार वीरांनी खांद्याला खांदा लावून लढाया केल्या, म्हणून त्यांचे वंशज एकमेकांचे भाऊबंद, एवढाच तिचा पाया आहे. परक्या मुलखात तेवढा पुरतो.

या मंडळांत भांडणे होतच, पण बाहेरचे संकट आले की एकत्र यावे लागे. १८८२ मध्ये अमेरिकेने चिनी मजुरांना प्रवेशबंदी करणारा कायदा केला आणि त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या जिल्हा-मंडळांनी आपली शिखर संस्था औपचारिकपणे उभी केली. अमेरिकन वृत्तपत्रे तिला ‘सिक्स कंपनीज’ म्हणत. नाव कंपनीचे असले तरी ती व्यापारी कंपनी नव्हती. नवख्याला बंदरावरून उतरवून घेणे, राहायला जागा देणे, तंटे मिटवणे, आजाऱ्याला औषधपाणी करणे आणि वकील लावणे ही तिची कामे होती.

वकिलांवरचा खर्च दर वेळी फळाला आला असे नाही. १८९२ च्या गिअरी कायद्याने प्रत्येक चिनी मजुराला नोंदणीचा दाखला जवळ बाळगण्याची सक्ती केली, तेव्हा या संस्थेने नोंदणी करू नका असे बजावले आणि न्यायालयीन लढ्यासाठी माणशी एक डॉलर मागितला. १८९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हा लढा हरला. नोंदणी न केलेले हजारो लोक त्यामुळे कात्रीत सापडले आणि त्यांचा राग सरकारइतकाच मंडळाच्या पुढाऱ्यांवरही निघाला. पुढे वाँग किम आर्क या सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या स्वयंपाक्याला चीनहून परतताना बंदरावर अडवले गेले. त्या खटल्याच्या मागे मात्र ही संस्था भक्कम उभी राहिली, आणि १८९८ मध्ये न्यायालयाने अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेला तो नागरिकच, असा निकाल दिला. त्या देशातील जन्माधारित नागरिकत्वाची चर्चा आजही या निकालाशी येऊन थांबते.

प्रश्न : ही मंडळे मृतांची हाडे बोटीने चीनला पाठवत असत, असे वाचले. हे खरे आहे की दंतकथा?

उत्तर : अगदी खरे आहे, आणि मंडळांच्या जुन्या वह्यांत या कामाचा खर्च मोठा असे. एकटा आलेला मजूर परदेशी मेला तर त्याला तात्पुरते पुरत. काही वर्षांनी थडगे उकरून हाडे स्वच्छ करत, पेटीवर नाव आणि गाव लिहीत आणि हाँगकाँगच्या तुंग वा रुग्णालयामार्फत ती पेटी मूळ गावी पोचवत. वंशजांनी थडग्याची देखभाल केली नाही तर मृतात्मा भटकत राहतो, ही श्रद्धा त्यामागे होती. सॅन फ्रान्सिस्कोत तर मायदेशी परतणाऱ्या जिवंत माणसालाही मंडळाचा दाखला लागे. त्याचे देणे चुकते झाले आहे असा तो दाखला असल्याशिवाय जहाज कंपनी तिकीट देत नसे. मंडळ म्हणजे निव्वळ मायेची सावली नव्हे, तिथे वसुलीही होती, हे विसरू नये.

न्यूझीलंडमधील एक हकीकत मला या सगळ्या इतिहासात सर्वांत हलवून टाकणारी वाटते. ओटागोच्या सोन्याच्या खाणींवर मेलेल्या चिनी लोकांची हाडे परत नेण्यासाठी तिथे ‘चेओंग शिंग तोंग’ नावाचे मंडळ स्थापन झाले होते. डनीडिनचे प्रसिद्ध व्यापारी चोई स्यू हॉय हे त्याचे प्रमुख. वर्गण्या जमवून, दफनभूमी पालथ्या घालून मंडळाने ४९९ जणांचे अवशेष गोळा केले आणि ऑक्टोबर १९०२ मध्ये ‘व्हेंटनॉर’ नावाचे जहाज ते घेऊन वेलिंग्टनहून हाँगकाँगकडे निघाले. तारानाकीच्या किनाऱ्याजवळ ते खडकाला लागले आणि पुढे होकियांगाजवळच्या समुद्रात बुडाले. चोई स्यू हॉय स्वतः आदल्या वर्षी वारले होते. इतरांना घरी पोचवण्याची व्यवस्था लावणाऱ्या त्या गृहस्थांचा देहही याच जहाजावर होता.

पुढच्या काळात किनाऱ्यावर वाहून आलेले अवशेष ते रोरोआ आणि ते रारावा या माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या, समाजांनी उचलले आणि आपल्या पूर्वजांच्या शेजारी पुरले. ती आठवण त्यांनी तोंडी जपली. एकविसाव्या शतकात न्यूझीलंडमधील चिनी वंशाची माणसे तिचा माग काढत तिथे पोचली, छिंगमिंगच्या म्हणजे एप्रिलच्या आरंभी येणाऱ्या पितरांच्या सणाला तिथे जाऊ लागली, आणि २०२१ मध्ये ओपोनोनी येथे स्मारक उभे राहिले. आजच्या मंडळांच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘होकियांगाची सहल’ असे साधेसे शब्द दिसले तर त्यामागे एवढे सगळे आहे.

प्रश्न : नव्याने आलेल्या माणसाला बँक कर्ज देत नाही. मंडळे पैशांची मदत करत का?

उत्तर : मंडळाच्या तिजोरीतून क्वचित, सभासदांच्या आपसातल्या भिशीतून पुष्कळ. चिनी भाषेत तिला ‘हुइ’ म्हणतात. ठरावीक माणसे दरमहा ठरावीक रक्कम टाकतात आणि जमलेली रक्कम पाळीपाळीने एकेकाला मिळते. एका प्रकारात ज्याला निकड असेल तो चिठ्ठीवर किती व्याज सोडायला तयार आहे ते लिहितो आणि ज्याचा आकडा मोठा त्याला त्या महिन्याची भिशी जाते. कितीतरी लाँड्र्या आणि खानावळी अशाच भांडवलावर उभ्या राहिल्या. तारण काहीच नसे. बुडवणाऱ्याचे नाव त्याच्या गावापर्यंत पोचेल, ही भीती पुरेशी असे. ओळखीची साखळी लांबली की ती भीती पातळ होते आणि भिशी बुडते; हे तिथेही घडलेले आहे.

प्रश्न : परदेशात जन्मलेल्या मुलांना चिनी शिकवणाऱ्या शनिवार-रविवारच्या शाळांविषयी सविस्तर लिहावे. मुले खरोखर शिकतात का?

उत्तर : थोडी शिकतात, थोडी कुरकुरतात, आणि बरीचशी वीस वर्षांनी ‘तेव्हा लक्ष द्यायला हवे होते’ असे म्हणतात. या शाळा बहुधा सार्वजनिक शाळेच्या भाड्याने घेतलेल्या इमारतीत भरतात. बाके दुसऱ्यांची, भिंतीवरचे तक्ते दुसऱ्यांचे, फळ्याच्या कोपऱ्यात इंग्रजी वर्गाच्या बाईंनी लिहिलेले ‘पुसू नये’. दोन तासांत शिक्षिका हजेरी, श्रुतलेखन, नवा धडा आणि गृहपाठ हे सगळे बसवतात. चौकोनाचे चार भाग केलेल्या वहीत मूल एकच अक्षर दहा वेळा गिरवते. आधी आडवी रेघ, मग उभी, आधी डावी बाजू, मग उजवी. अक्षर दिसायला बरोबर असले तरी रेघांचा क्रम चुकला की शिक्षिकेला पाठीमागून नुसत्या हाताच्या हालचालीवरून कळते.

कोणती चिनी शिकवायची, हा या शाळांचा जुना वाद आहे. आधीच्या पिढ्यांच्या शाळांत कँटोनीज चाले, आता बहुतेक ठिकाणी मँडरिन म्हणजे चीनची प्रमाणभाषा आहे. त्यामुळे घरी आजी बोलते ते वेगळे आणि वर्गात शिकतो ते वेगळे, अशी काही मुलांची पंचाईत होते. चीनने १९५० च्या दशकात अक्षरे सोपी केली आणि १९५८ मध्ये उच्चारासाठी रोमन लिपीतील ‘पिनयिन’ स्वीकारले. तैवानमध्ये मात्र जुनी भरगच्च अक्षरे आणि उच्चारांसाठी ३७ चिन्हांची वेगळी पद्धत टिकून आहे. म्हणून एकाच उपनगरात दोन शाळा दिसतात, आणि आपण कोणत्या शाळेत मुलाला घातले यावरून आईबाप कुठून आले ते इतरांना न विचारता समजते.

या शाळांचा खरा वर्ग मला तरी व्हरांड्यात भरलेला दिसतो. मूल आत गेले की दोन तास घरी जाऊन येण्याइतका वेळ नसतो, म्हणून पालक तिथेच थांबतात. कोणी व्यायामशाळेत बॅडमिंटन खेळतात, कोणी नाचाच्या वर्गाला जातात, एखाद्या रिकाम्या खोलीत गृहकर्जावर किंवा महाविद्यालयीन प्रवेशावर व्याख्यान ठेवलेले असते. नोकरी कुठे निघाली, कोणता दंतवैद्य आपली भाषा बोलतो, बाळंतपणाला आलेल्या सासूबाईंना सोबत कोणाची, हे सगळे त्या दोन तासांत ठरते. विखुरलेल्या उपनगरांत राहणाऱ्या आणि कधी चायनाटाउनमध्ये म्हणजे शहरातल्या जुन्या चिनी वस्तीत न राहिलेल्या कुटुंबांचे मंडळ म्हणजे हा व्हरांडाच.

प्रश्न : जुन्या छायाचित्रांत सगळे पुरुषच दिसतात. बायका-मुले कुठे होती?

उत्तर : ती मागे गावी होती, कारण कायद्याने तसे भाग पाडले होते. अमेरिकेच्या १८७५ च्या पेज कायद्याने चिनी स्त्रियांचा प्रवेश जवळपास अशक्य केला. कॅनडाने १८८५ मध्ये माणशी ५० डॉलरचा प्रवेशकर लावला, १९०० मध्ये तो १०० आणि १९०३ मध्ये ५०० डॉलर केला. तेवढ्या पैशांत मजुराने स्वतःला आणावे की कुटुंबाला, असा प्रश्नच उरत नसे. १९२३ मध्ये कॅनडाने दार जवळजवळ बंद केले, ते १९४७ मध्ये उघडले. त्या काळातील मंडळाचे सभागृह हेच हजारो विवाहित ब्रह्मचाऱ्यांचे घर होते, आणि त्याच्या कारभारात स्त्रियांना जागा नव्हती. त्या प्रवेशकराबद्दल कॅनडाच्या सरकारने माफी मागितली ती २००६ मध्ये; त्यासाठी चिनी-कॅनेडियन संघटनांनी दोन दशकांहून अधिक काळ पाठपुरावा केला. आज अनेक ठिकाणी शाळेच्या मुख्याध्यापिका आणि वृद्धसेवेच्या प्रमुख स्त्रियाच आहेत. जुन्या आडनावांच्या सभांत मात्र भिंतीवरच्या तसबिरी अजून आजोबांच्याच.

प्रश्न : आता कुटुंबे एकत्र जाऊ शकतात. मग मंडळांची गरज कमी झाली असेल ना?

उत्तर : कुटुंबे एकत्र जातात, हे अर्धे खरे. १९८० आणि ९० च्या दशकांत हाँगकाँगहून व्हँकूव्हर किंवा सिडनीला आलेल्या पुष्कळ घरांत बायको-मुले इकडे आणि कमावणारा नवरा हाँगकाँगमध्ये, अशी विभागणी होती. विमानाने ये-जा करणाऱ्या या नवऱ्यांना ‘अंतराळवीर’ म्हणत, आणि त्या चिनी शब्दाचा दुसरा अर्थ ‘बायकोविना रिकामे घर असलेला’ असाही लागतो. उलट टोकाला न्यूयॉर्कच्या खानावळींत बारा-बारा तास राबणारी फुजियान प्रांतातील जोडपी. तान्ह्या मुलाला सांभाळायला कोणी नाही म्हणून ती त्याला गावी आजी-आजोबांकडे पाठवतात आणि शाळेच्या वयाला परत आणतात. पाच वर्षांचे ते मूल अनोळखी आईबापांच्या घरी उतरते. अशा घरांसाठी पालकांचे वर्ग आणि मुलांसाठी शाळेनंतरचे वर्ग, हे आजच्या संस्थांचे मला सर्वांत मोलाचे वाटणारे काम आहे.

वृद्धांचा प्रश्नही तसाच. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउन परिसरात १९७१ मध्ये ‘ऑन लोक’ नावाची संस्था सुरू झाली. नावाचा अर्थ शांती आणि आनंद. तिथल्या वृद्धांना दूरच्या वृद्धाश्रमात जायचे नव्हते, कारण तिथे भाषा परकी आणि जेवण परके. म्हणून रात्री आपल्याच खोलीत आणि दिवसा केंद्रात डॉक्टर, व्यायाम, गरम जेवण, सोबत, अशी व्यवस्था तिने बसवली. हाच नमुना पुढे अमेरिकेच्या शासनाने उचलला आणि १९९७ पासून तो तिथल्या सरकारी आरोग्यविम्याचा कायमचा भाग झाला.

प्रश्न : अशा मंडळांमागे राजकारण असते, असा आक्षेप ऐकू येतो. आपले मत काय?

उत्तर : असतेच, आणि ते नवे नाही. चिनी क्रांतीचे नेते सुन यत-सेन यांनी छिंग राजवट उलथण्यासाठी आपली पहिली संघटना १८९४ मध्ये होनोलुलूत, परदेशस्थ चिन्यांच्या पैशांवर स्थापन केली. पुढे कितीतरी मंडळांत तैवानचा झेंडा लावायचा की बीजिंगचा, यावरून फूट पडली. आज बीजिंगचे शासन परदेशी मंडळांशी जाणीवपूर्वक संबंध ठेवते, आणि न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमध्ये चीनच्या पोलिसांचे गुप्त ठाणे चालवल्याच्या आरोपावरून २०२३ मध्ये दोघांना अटकही झाली. पुढाऱ्यांच्या दौऱ्यांकडे आणि देणग्यांकडे डोळसपणे पाहावे. परंतु त्या संशयाचा भार, दुपारी माहजाँग खेळायला आलेल्या आजींवर टाकू नये.

प्रश्न : चिनी नसलेल्या व्यक्तीला या उपक्रमांत भाग घेता येतो का? माझा मुलगा ऑस्ट्रेलियात असतो आणि त्याला उत्सुकता आहे.

उत्तर : आडनावाच्या सभेत सभासदत्व मिळणार नाही, पण शाळा, नाच, ताई ची आणि सणांत सहसा कोणी अडवत नाही. त्याला व्हिक्टोरिया राज्यातील बेंडिगो गावी ईस्टरला जाऊन यायला सांगा. सोन्याच्या खाणींमुळे वसलेल्या त्या गावात, रुग्णालयाच्या मदतीसाठी १८७१ मध्ये सुरू झालेल्या जत्रेच्या मिरवणुकीत चिनी समाज एकोणिसाव्या शतकापासून उतरत आला आहे. ‘लूंग’ नावाचा जुना ड्रॅगन म्हातारा झाल्यावर १९७० मध्ये ‘सुन लूंग’ आला, आणि २०१९ मध्ये त्याला निवृत्त करून ‘दाइ गुम लूंग’ आणला गेला. नवा ड्रॅगन शंभर मीटरपेक्षा लांब आहे. त्याला पेलायला गावातल्या चिनी वंशाच्या घरांतली माणसे पुरत नाहीत, म्हणून पोटाखाली इतर स्वयंसेवकही लागतात. मुलाच्या पायांत चांगले बूट असू द्यावेत.